टॉवेलचा कुबट वास आणि खरखर: नागपूरच्या पाण्यात अन् हवेत टॉवेल कसे धुवावे, कसे वाळवावे

प्रश्न थोडक्यात असा: मानेवाड्याकडे तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, धुण्याला बोअरचे पाणी, साडेसहा किलोचे वरून कपडे टाकायचे ऑटोमॅटिक मशीन, घरात चार माणसे आणि चार जाड टॉवेल. पावसाळ्यात धुऊन वाळवलेला टॉवेल अंग पुसताच वास मारतो. उन्हाळ्यात तोच टॉवेल खरखरीत होतो आणि पाणी टिपत नाही. साबण बदलून झाला, सॉफ्टनर वाढवून झाले, फरक पडला नाही. काय चुकते आहे?

सगळ्यात आधी सॉफ्टनर बंद करा. सॉफ्टनर कापसाच्या तंतूवर तेलकट थर चढवतो, म्हणून हाताला मऊ लागते. पण त्याच थरामुळे पाणी तंतूत शिरत नाही. टॉवेल पाणी टिपतो तो त्यावरच्या दोऱ्याच्या बारीक फासांमुळे, ज्यांना कापड धंद्यात लूप म्हणतात. हे फास उभे आणि मोकळे असले तरच टॉवेल काम करतो. दर धुण्याला सॉफ्टनर पडला की थरावर थर बसतो, त्यात घाम आणि साबण अडकतात आणि वासाला घर मिळते. तुमच्या दोन्ही तक्रारी इथे एकत्र येतात.

वासाचे मूळही समजून घ्या. २०१२ साली जपानी संशोधकांनी अशा कुबट कपड्यांतून मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू वेगळा काढला. कापडात राहिलेला घाम आणि त्वचेचे तेल हे त्याचे खाद्य, आणि त्यातून तो ज्या आम्लासारख्या पदार्थाची निर्मिती करतो तोच आपल्याला येणारा वास. कापड वाळल्यावरही तो मरत नाही, नुसता थांबतो. म्हणून कोरडा टॉवेल नाकाला चांगला वाटतो आणि ओल्या अंगाला लावला की पाच मिनिटांत वास सुटतो. तेव्हा एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायचे: टॉवेल एकूण किती तास ओला राहतो. धुण्याने जिवाणू आणि त्याचे खाद्य कमी होते, पण पुन्हा वाढायला त्याला किती वेळ मिळतो ते वाळवणे ठरवते. नागपुरात मे महिन्यात हा वेळ तासाभराचा असतो, जुलैत झड लागली की दोन दोन दिवसांचा.

काही करण्याआधी तीन साध्या तपासण्या करा. कोरड्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब टाका. तो लगेच शोषला गेला तर ठीक, पाच-सात सेकंद मण्यासारखा बसून राहिला तर थर आहे. दुसरी तपासणी: धुतलेला टॉवेल साबण न घालता गरम पाण्याच्या बादलीत दहा मिनिटे ठेवून हाताने हलवा. फेस आला किंवा पाणी दुधट झाले तर मागचा साबण अजून आतच आहे. तिसरी पाण्याची: अर्धी बाटली बोअरचे पाणी घ्या, त्यात अंगाच्या साबणाचा नखाएवढा कीस टाका आणि जोरात हलवा. वर दाट फेस टिकला तर पाणी मऊ. फेस न येता पांढरी साय किंवा गुठळ्या तरंगल्या तर पाणी जड. गीझरच्या कॉइलवर पांढरी खपली येत असेल तर उत्तर आधीच मिळाले आहे.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. कपड्याच्या साबणाच्या वडीशी ते मिळाले की चिकट चोथा तयार होतो आणि तो लूपमध्ये जाऊन बसतो. पावडरीचा किंवा लिक्विडचा असा चोथा होत नाही, पण तिचा काही भाग क्षारांशी झगडण्यातच खर्च होतो. मग कपडे नीट निघत नाहीत म्हणून आपण आणखी पावडर घालतो, ती खंगाळून निघत नाही, आणि चक्र सुरू राहते. घरी महापालिकेचे पेंच-कन्हानचे पाणी ठरावीक वेळ येत असेल तर त्यातले दोन ड्रम टॉवेलसाठी राखून ठेवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. सगळे धुणे त्यात जमले नाही तरी शेवटचे खंगाळणे त्यातच करा. आरओच्या नळीतून वाया जाणारे पाणी बरेच जण धुण्याला वापरतात. पाणी वाचवण्याची भावना योग्य आहे, पण त्या पाण्यात क्षार आणखी एकवटलेले असतात. ते फरशीला वापरा, टॉवेलला नको.

जुना थर एकदा काढून टाका

हे काम एकदा नीट करायचे, मग दोन-तीन महिन्यांतून एकदा. चार टॉवेलना प्लास्टिकचा मोठा टब आणि १५ लिटर पाणी लागेल. पाण्याचे तापमान साधारण ६० अंश हवे. थर्मामीटर नसेल तर हिशेब सोपा आहे: हिवाळ्यात निम्मे आधणाचे आणि निम्मे नळाचे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणीच तापलेले असते, तेव्हा एक भाग आधण आणि दोन भाग टाकीचे. आधी साधे पाणी टबात घ्या, मग आधण हळूहळू ओता, उलट करू नका. गडद रंगाचे टॉवेल वेगळे काढून ४० अंशांतच भिजवा. रंग सुटतो का हे पाहायला ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा घासून बघा.

त्या पाण्यात दोन मोठे सपाट चमचे, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवा, रोजची पावडर एक मोठा चमचा घाला आणि मग टॉवेल बुडवा. इथे नावांचा गोंधळ टाळा. खाण्याचा सोडा यासाठी फारच सौम्य आहे आणि कॉस्टिक सोडा कातडी जाळतो. दुकानात ‘धुण्याचा सोडा’ असेच मागा. इतवारीत काय, कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात सुटा मिळतो. हात घालण्याआधी रबरी मोजे घाला. तीन तास ठेवा, मध्ये दोनदा काठीने खालीवर करा. रात्रभर ठेवू नका, कारण पाणी थंड झाले की भिजवण्याचा फायदा संपतो आणि घाण परत कापडावर बसू लागते. पाणी चहासारखे तपकिरी झाले तर घाबरू नका, तेच बाहेर काढायचे होते.

वास फार जुना असेल तर याच पाण्यात ऑक्सिजन ब्लीचची पावडर दोन मोठे चमचे घाला. तिचा मुख्य घटक सोडियम परकार्बोनेट. गरम पाण्यात त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते आणि ते जिवाणूंचा चिकट थर फोडते. थंड पाण्यात ती जवळपास नुसता सोडा म्हणूनच काम करते, त्यामुळे पाणी गरम नसेल तर पैसे वाया जातात. बहुतेक पक्क्या रंगांना ती चालते. क्लोरीनचे ब्लीच मात्र फक्त पांढऱ्या सुती टॉवेलला, डब्यावर लिहिलेल्या मापाने आणि थंड पाण्यात. ते वारंवार वापरले की कापूस कमजोर होतो आणि लूप गळतात.

भिजवून झाले की दोनदा भरपूर पाण्यात खंगाळा आणि मग लिंबूसत्त्वाचे पाणी. किराणा दुकानात यालाच लिंबाचे फूल म्हणतात. १५ लिटर साध्या पाण्यात एक मोठा चमचा, सुमारे १५ ग्रॅम, त्यात टॉवेल अर्धा तास. तंतूत बसलेला चुना यात विरघळतो. हे बोअरच्याच पाण्यात करणार असाल तर दोन चमचे घ्या, कारण आम्लाचा बराच भाग पाण्यातल्या क्षारांवरच खर्च होतो. लिंबूसत्त्व नसेल तर पांढरे व्हिनेगर एक कप. त्यानंतर साध्या पाण्यात एकदा खंगाळा, आम्ल कापडात वाळू देऊ नका.

सोडा आणि लिंबूसत्त्व एकाच पाण्यात घालू नका. फसफस दिसते म्हणून काम जोरात चालले आहे असे वाटते, पण दोघे एकमेकांना संपवतात आणि कापडाला काहीच मिळत नाही. आणि क्लोरीनच्या ब्लीचमध्ये लिंबूसत्त्व, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. क्लोरीनचे ब्लीच वापरले असेल त्या दिवशी आम्लाचे खंगाळणे करूच नका.

रोजचे धुणे

एक टॉवेल तीन-चार वेळा वापरला की धुवावा. पावसाळ्यात दोन वेळांनंतर. व्यायामाचा टॉवेल रोज. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा असणे ही शिस्त नागपूरच्या पावसाळ्यात फार महत्त्वाची आहे, कारण घामाने भिजलेल्या जांघा-काखांत गजकर्ण होते आणि टॉवेलवरून ते घरभर फिरते. कुणाला झाले असेल तर त्याचा टॉवेल आणि आतले कपडे बाकीच्यांपासून वेगळे, रोज, ६० अंशांच्या पाण्यात धुवा. पाण्यात जंतुनाशकाचे दोन थेंब टाकण्याने यातले काही साधत नाही. त्याने वास झाकला जातो, तेल आणि घाम तिथेच राहतात.

मशीनमध्ये टॉवेल टॉवेलबरोबरच. शर्ट-कुर्त्यांना त्यांची लव चिकटते, आणि चेन, हुक, वेल्क्रो यांनी लूप ओढले जातात. ७० बाय १४० सेंटिमीटरचा ४५० जीएसएमचा टॉवेल, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाचा, कोरडा सुमारे ४४० ग्रॅम भरतो. चार टॉवेल म्हणजे पावणेदोन किलो. साडेसहा किलोच्या मशीनमध्ये वजनाने आणखी बरेच मावतील असे वाटते, पण भिजल्यावर ते फुगतात आणि पाण्यात फिरायला जागा लागते. चार ते पाच टॉवेल, बस. एकच टॉवेल मात्र टाकू नका. स्पिनला तो एका बाजूला गोळा होतो, मशीन धडधडते आणि स्पिन अर्धवट सोडते. एकटाच असेल तर जोडीला तेवढ्याच वजनाचे दुसरे कापड द्या.

पावडर: डब्यावर भरलेल्या मशीनसाठी जे माप दिले आहे त्याच्या निम्मी. बोअरचे पाणी असेल तर पावडर न वाढवता सोबत दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आधी पाण्यात विरघळवून घाला. सोड्याचा एक तोटा सांगायला हवा: तो कॅल्शियमला पांढऱ्या चुन्याच्या रूपात खाली बसवतो आणि त्यातला थोडा कापडावरच राहतो. म्हणूनच सोडा वापरणाऱ्यांनी महिन्यातून एकदा वर सांगितलेले लिंबूसत्त्वाचे पाणी द्यायचे. पावडर कोरडी टॉवेलवर टाकू नका. जाड टॉवेलच्या घडीत ती न विरघळता राहते आणि त्याच जागी खरखरीत चट्टा होतो. मगभर कोमट पाण्यात ढवळून ओता, किंवा लिक्विड वापरा. ‘जादा रिन्स’चे बटण असेल तर टॉवेलला ते नेहमी चालू.

पाणी कोमट हवे, आणि हिवाळ्यात तर त्याला पर्याय नाही. आपल्या घरात डोक्याला खोबरेल लागते, ते टॉवेलला पुसले जाते. खोबरेल सुमारे २४ अंशांच्या खाली गोठते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नळाचे पाणी त्याहून थंड असते, म्हणजे थंड धुण्यात ते तेल विरघळण्याऐवजी लूपमध्ये मेणासारखे घट्ट बसते, आणि पुढे खवट होऊन वास देते. ४० अंशांचे पाणी पुरे. मशीनला हीटर नसेल तर गीझरचे पाणी बादलीने ओता, पण मशीनच्या पुस्तिकेत जेवढ्या तापमानाची मुभा आहे त्याच्या वर नाही. न्हाणे आणि मालिशसाठी एखादा जुना पंचा वेगळा ठेवलात तर चांगल्या टॉवेलचे आयुष्य वाढते.

हाताने धुणाऱ्यांनी ब्रश मारू नये आणि दगडावर आपटू नये, दोन्हींनी लूप तुटतात. कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून पायाने तुडवणे ही जुनी रीत टॉवेलला सर्वांत योग्य आहे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. घासत बसू नका, धुऊन दोन-तीन दिवस उन्हात टाका, ऊन तो रंग खाते. आणि मुरमांच्या क्रीममुळे रंगीत टॉवेलवर फिकट नारिंगी ठिपके पडतात. ते डाग नाहीत, बेंझॉइल पेरॉक्साइडने तिथला रंग उडालेला असतो, ते परत येत नाहीत. असे क्रीम लावणाऱ्याला पांढरा टॉवेल द्या.

मशीनचीही घाण टॉवेलला लागते. लव गोळा करणारी जाळी दर दोन धुण्यांनंतर रिकामी करा, झाकण धुणे झाल्यावर उघडे ठेवा, आणि महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनमध्ये गरम पाणी आणि १०० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून एक फेरी चालवा. धुणे झालेले टॉवेल मशीनमध्ये पडून राहू देऊ नका. रात्री लावून सकाळी काढले तर वास तिथेच तयार होतो.

वाळत घालण्याआधी पाणी काढा

हा टप्पा बहुतेक घरांत घाईने उरकला जातो आणि पावसाळ्यात त्याचीच किंमत मोजावी लागते. हाताने पिळलेल्या जाड टॉवेलमध्ये त्याच्या स्वतःच्या वजनाइतके किंवा जास्त पाणी राहते. एकदा स्पिन केलेल्यात साधारण पाऊण पट, दोनदा नीट स्पिन केलेल्यात त्याहून कमी. म्हणून पहिला स्पिन झाला की झाकण उघडा, टॉवेल सोडवून विसकटा, ड्रमभोवती सारखे पसरवा आणि पुन्हा पाच-सहा मिनिटे स्पिन द्या. नुसती वेळ वाढवून तेवढा फायदा होत नाही, कारण गोळा झालेल्या टॉवेलच्या आतले पाणी निघायला वाट नसते. सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर याबाबत उत्तम असतो, त्याचा छोटा डबा खूप वेगाने फिरतो. त्यात एका वेळी दोनच टॉवेल, उभे गुंडाळून, वर जाळीचे झाकण घट्ट दाबून.

मशीन नसेल तर टॉवेल नळाला अडकवून पिळू नका. पंच्याला ते चालते, जाड टॉवेलचे काठ त्याने वाकडे होतात. ओला टॉवेल कोरड्या सुती चादरीवर पसरून दोन्हींची एकत्र घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर पाय देऊन दाबा. चादर पाणी ओढून घेते.

मग झटकणे. दोन्ही हातांनी काठ धरून आठ-दहा जोरदार झटके, मग दुसरा काठ धरून तेवढेच. स्पिनमध्ये लूप चपटे होऊन एकमेकांना चिकटलेले असतात. ते तसेच वाळले की तंतूंमधले शेवटचे पाणी त्यांना डिंकासारखे जोडून ठेवते आणि टॉवेल पापडासारखा कडक होतो. जड पाण्याचे क्षार त्यात भर घालतात. वाऱ्यावर हलत वाळलेला टॉवेल मऊ असतो आणि निवांत उन्हात, वारा नसताना वाळलेला कडक, याचे कारण हेच. वाळल्यावर काढतानाही पाच-सहा झटके द्या.

ऋतूप्रमाणे वाळवणे

एक हिशेब पाहा. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली घ्या, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. जुलैत तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर ही हवा पूर्ण तुडुंब व्हायच्या आधी जेमतेम १४० ग्रॅम पाणी आणखी घेऊ शकते. तुमच्या चार टॉवेलमध्ये एकदा स्पिन केल्यावर सव्वा लिटरच्या आसपास पाणी आहे. खिडक्या लावून, पंखा पूर्ण वेगाने ठेवून रात्रभर वाळवले तरी ते पाणी जायला जागाच नाही. तीच खोली मे महिन्यात ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला दीड लिटरहून जास्त पाणी सहज पिते. म्हणून पावसाळ्यात पहिला नियम: समोरासमोरच्या दोन खिडक्या, निदान एक खिडकी आणि एक्झॉस्ट, उघडे हवेत. बाहेरची हवा दमट असली तरी ती खोलीतल्या तुडुंब हवेपेक्षा बरी, आणि ती बदलत राहते हे महत्त्वाचे.

नागपूरकरांकडे आणखी एक हुकमी साधन घरातच असते: कूलर. पावसाळ्यात तो झाकून ठेवण्याऐवजी टाकी रिकामी करा, वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळ्या काढून टाका, पंप बंद ठेवा आणि नुसता पंखा चालवा. छताच्या पंख्यापेक्षा कितीतरी जास्त हवा तो एका दिशेने फेकतो. टॉवेल त्याच्यासमोर चार-पाच फुटांवर, हवा दोन टॉवेलच्या मधून जाईल असे लावा. हवेला तोंड करून आडवा लावला तर पहिलाच टॉवेल भिंत बनतो आणि मागचे ओले राहतात. कूलरला हात लावण्याआधी प्लग काढा, ओल्या हाताने आणि ओल्या फरशीवर उभे राहून तर नकोच.

टॉवेल दोरीवर मधोमध टाकला की दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात आणि आतली बाजू ओली राहते. दोन समांतर दोऱ्या किंवा स्टँडच्या दोन दांड्या घ्या, १५ सेंटिमीटर अंतरावर, आणि टॉवेल तंबूसारखा दोन्हींवरून टाका. आतून हवा खेळते आणि वेळ बराच कमी होतो. छताला लावलेल्या कप्पीच्या स्टँडवर वाळत घालत असाल तर तो पंख्याच्या पात्यांच्या खाली येईल इतका उतरवा, पात्यांच्या वरची हवा जवळपास हलत नाही. झडीच्या दिवसांत चारही टॉवेल एकदम धुऊ नका, रोज दोन, सकाळी लवकर. सहा तासांत वाळला तर उत्तम, आठ तासांपलीकडे गेला तर वासाची तयारी सुरू झाली असे समजा. एसी असेल तर ड्राय मोडवर दार-खिडक्या लावून दोन तास चालवा, तेव्हा मात्र खोली बंदच हवी.

वाळला का हे मधल्या भागाला हात लावून ठरवू नका. काठ आणि दुमडलेली शिवण सर्वांत शेवटी वाळते. ती गालाला लावा. गार लागली तर पाणी अजून उडते आहे. तो ओलावा कपाटात गेला की पूर्ण थप्पीला वास लागतो. अगदीच अडले तर फक्त काठांवरून इस्त्री फिरवा. पूर्ण टॉवेलला इस्त्री केल्याने लूप दबतात.

उन्हाळ्यात अडचण उलटी असते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक तापाच्या दिवसांत, गच्चीवर टाकलेला टॉवेल तासाभरात वाळतो, पण आपण तो संध्याकाळपर्यंत विसरतो आणि दुपारभर तो भाजत राहतो. रंग उडतो, तंतू कडक होतात. सकाळी सहा-सातला घाला आणि नऊच्या आत काढा, किंवा दिवसभर सावलीत, बाल्कनीत घाला. त्या कोरड्या हवेत सावलीतही दीड-दोन तास पुरतात. पूर्ण खडखडीत होण्याआधी, हाताला किंचित नरम असताना काढून झटकलात तर सॉफ्टनरची आठवणही येणार नाही. संध्याकाळी वावटळ सुटते, तेव्हा वाळलेले कपडे बाहेर नकोत. लोखंडी तारेऐवजी नायलॉनची दोरी वापरा. गंजाचा डाग पडलाच तर लिंबूसत्त्वाची पेस्ट अर्धा तास लावून धुवा.

हिवाळा सर्वांत सोपा. हवा कोरडी, ऊन कोवळे, दुपारी टॉवेल कितीही वेळ ठेवा. फक्त चार-साडेचारला आत घ्या, कारण सूर्य कलला की हवा गार होते आणि टॉवेल पुन्हा ओलावा धरतो. थर काढण्याचे मोठे काम पाऊस पूर्ण उघडल्यावर, दिवाळीच्या साफसफाईच्या आसपास करा. कडक ऊन आणि कोरडी हवा एकत्र मिळण्याचे ते दिवस असतात, आणि पावसाळाभर साचलेला वास तेव्हाच मुळापासून जातो.

धुण्यांच्या मधल्या दिवसांतही हेच लागू आहे. अंघोळीनंतर टॉवेल बाथरूमच्या दारामागच्या खुंटीवर टाकला की घडीत तो दुसऱ्या दिवसापर्यंत ओला राहतो. बाहेर, दांडीवर, पूर्ण पसरून. ओला टॉवेल धुण्याच्या बास्केटमध्ये कधीच नाही, आधी वाळू द्या मग टाका. विजेचा ड्रायर असेल तर टॉवेल त्यात सुरेख होतात, पण तेल लागलेले कापड त्यात घालू नका. तापलेल्या ढिगाऱ्यात तेल आपोआप पेट घेऊ शकते.

नवीन टॉवेल घेणार असाल तर दुकानात सर्वांत जाड आणि मऊ लागतो तो निवडू नका. तो मऊपणा बऱ्याचदा कारखान्यात लावलेल्या फिनिशचा असतो आणि तीन-चार धुण्यांत जातो, तोवर टॉवेल पाणीही नीट टिपत नाही. तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत ऊन कमी असलेल्या घराला ३५० ते ४०० जीएसएम पुरे, सोलापुरी टेरी, म्हणजे लूपवाल्या, टॉवेलमध्ये तसे वजन सहज मिळते. ५५० च्या वरचा हॉटेलसारखा टॉवेल नागपूरच्या जुलैत वाळवणे म्हणजे रोजची लढाई. माणशी दोन आणि पावसाळ्यासाठी माणशी एक सुती पंचा ठेवा. पंचा रात्रीतून नुसत्या पंख्याखाली वाळतो. पहिल्या दोन धुण्यांत गडद टॉवेल वेगळे धुवा. एखादा लूप बाहेर आला तर ओढू नका, कात्रीने बुडाशी कापा, टेरीची वीण त्याने उसवत नाही.

सोडा, ऑक्सिजन ब्लीच आणि लिंबूसत्त्व हा क्रम महिनाभराच्या अंतराने दोनदा करूनही ओला होताच वास येत असेल, किंवा मधला भाग टकला होऊन विणीची जाळी दिसत असेल, तर तो टॉवेल अंगासाठी संपला. त्याचे चार तुकडे करून कडा शिवून घ्या. कूलरची टाकी पुसायला आणि गच्चीचे पावसाचे पाणी टिपायला त्याच्यासारखे फडके नाही.